झाडाखालच्या पाटीवर कोणाचे नाव?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात शालेय आवारातील वनौषधी उद्यान परिसरातील नागरिकांसाठी खुले करण्यात आले. त्या प्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा हा लिखित पाठ.)



शाळेने साठ वर्षांची वाटचाल पूर्ण केली. या निमित्ताने सभागृहाला नवे छत मिळाले, ग्रंथालयाला नवी कपाटे मिळाली, आणि आज आपण विहिरीपलीकडच्या या बागेत उभे आहोत. माजी विद्यार्थ्यांना ही जागा वेगळ्या रूपात आठवत असेल. चेंडू इकडे आला की तो शोधायला कोणी धजावत नसे, इतके येथे रान माजलेले होते. आज येथे छत्तीस प्रकारच्या औषधी वनस्पती आहेत. छत्तीस ही संख्या विद्यार्थ्यांनीच सुचविली. छत्तीसगढातल्या शाळेच्या बागेला दुसरी कोणती संख्या शोभणार, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता.

या बागेत हिंडताना एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. काहींनी ती मला विचारलीही. बागेसाठी आपणांपैकी अनेकांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. आई-वडिलांच्या स्मरणार्थ एखादे झाड द्यावे आणि त्याखाली त्यांच्या नावाची पाटी असावी, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे, आणि तशी आपल्याकडे प्रथाही आहे. परंतु येथील एकाही झाडाखाली देणगीदाराचे नाव नाही. सर्व देणगीदारांची नावे प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर, वर्णानुक्रमाने, एकाच आकाराच्या अक्षरांत कोरलेली आहेत. झाडाखालच्या पाटीवर झाडाचे मराठी नाव आहे, छत्तीसगढी नाव आहे, खात्री झाली तेथे गोंडी अथवा हलबी नाव आहे, शास्त्रीय नाव आहे, आणि शेवटच्या ओळीत त्या झाडाची ओळख आम्हांला कोणाकडून झाली हे लिहिलेले आहे. हा निर्णय आम्ही का घेतला, हे आपल्यापुढे मांडणे मला माझे कर्तव्य वाटते. आजचे माझे बोलणे त्या एका प्रश्नापुरतेच आहे.

आपण मराठी माणसे या प्रदेशात कशी आलो, हे आपण शाळेत शिकवितो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला, रतनपूर येथे बिंबाजी भोसल्यांनी कारभार पाहिला, आणि त्या काळापासून मराठी कुटुंबे येथे स्थिरावत गेली. पुढे रेल्वेने, सरकारी नोकऱ्यांनी आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याने आणखी कित्येकांना येथे आणले. आलेल्यांनी देवघर आणले, दिवाळी अंक आणले, पुरणपोळी आणली, आणि मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून ही शाळा काढली. या मातीने आपल्याला जागा दिली. ज्यांनी ही माती आपल्या कितीतरी आधीपासून जाणली, त्या गोंड, बैगा, हलबा, उरांव, कंवर आदी समाजांकडून आपण काय शिकलो, हा प्रश्न साठ वर्षांच्या टप्प्यावर विचारायला हवा, असे मला वाटले.

एरवी आपण वनौषधी म्हणतो तेव्हा मनात एक यादी असते. खोकल्यावर अडुळसा, ज्वरावर गुळवेल, पोटासाठी हिरडा. यादी उपयुक्त असते, यात शंका नाही. पण आदिवासी समाजांत वनस्पतीची ओळख यादीपुरती थांबत नाही. आपल्या बागेच्या ईशान्य कोपऱ्यातले रोप पाहावे. मराठीत त्याला ऐन म्हणतात, येथे साजा म्हणतात. ऐनाची साल औषधी आहे, लाकूड टणक आहे, पानांवर टसर रेशमाचे किडे वाढतात. हे सारे आपल्या पुस्तकांत सापडते. मात्र गोंड समाजासाठी साजा हे बडादेवाचे स्थान आहे, आणि म्हणून त्या झाडाशी वागण्याची रीतही वेगळी आहे. कोणत्या गोत्राने कोणते झाड तोडू नये, कोणता प्राणी मारू नये, याचे संकेत गोत्राबरोबरच चालत येतात.

बस्तरमध्ये आंब्याचा सण साजरा होतो. गोंडीत त्याला मरका पंडुम म्हणतात. मरका म्हणजे आंबा आणि पंडुम म्हणजे सण. पूर्वजांना आणि ग्रामदेवतेला नैवेद्य दाखविल्याखेरीज त्या हंगामातला आंबा तोंडाला लावायचा नाही, असा नेम आहे. हा नेम श्रद्धेचा आहे आणि त्याचा एक परिणाम आपल्याला डोळ्यांनी दिसतो: फळाला वाढायला वेळ मिळतो. याच्या उलट बाजारात काय घडते ते पाहा. व्यापाऱ्याला घाई असते, म्हणून कच्चा आवळा झोडपला जातो, चारोळीसाठी फांद्याच तोडल्या जातात, आणि सफेद मुसळी बी धरण्याआधीच मुळासकट उपटली जाते. जाता जाता सांगते, या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे. क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. मुंबईच्या बोरिवली परिसरातील नमुन्यांवरून तिला हे नाव मिळाले. पाटीवर ते नाव वाचून एका मुंबईकर माजी विद्यार्थिनीने आनंदाने टाळी वाजविली, हे मी आज सकाळीच पाहिले.

सण आणि वनस्पती यांची सांगड आपल्यालाही अपरिचित नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने, दसऱ्याला आपटा, आणि गणेशपूजनाला एकवीस प्रकारची पत्री. दूर्वा, शमी, आघाडा, माका, डोरली, बेल, रुई, अर्जुन... ही पत्री म्हणजे घराघरांत चालणारा वनस्पतिशास्त्राचा वर्गच होता. आजी नातवंडांना घेऊन पहाटे पत्री गोळा करायला जाई, आणि नातवंडे न शिकविता शिकत. आज आपण बाजारातून वीस रुपयांची जुडी आणतो आणि तिच्यात कोणती पाने आहेत हे उघडून पाहत नाही.

येथे मला एका तिथीचा उल्लेख करावासा वाटतो. आषाढ अमावास्येला आपल्या घरी दिव्यांची अवस असते. समया, निरांजने घासूनपुसून आपण त्यांची पूजा करतो. नेमक्या त्याच दिवशी छत्तीसगढात हरेली असते. शेतीच्या अवजारांची पूजा होते, दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात, गुराढोरांना औषधी मुळ्या चारल्या जातात, आणि मुले गेडीवर चढून गावभर फिरतात. बस्तरमध्ये याच दिवसाला अमुस तिहार म्हणतात. तेथे शतावरीसारख्या औषधी मुळ्या भिलाव्याच्या पानात बांधून, ती पुडी तेंदूच्या काठीवर लावून काठी शेतात रोवतात. पावसाळ्याच्या ऐन भरात, रोगराईच्या दिवसांत, एक समाज दिवे उजळतो आणि दुसरा औषधी मुळ्या शेताच्या राखणीला उभ्या करतो. साठ वर्षे हे दोन सण एकाच शहरात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी साजरे झाले. यंदापासून शाळेत ते एकत्र साजरे व्हावेत, असा माझा मानस आहे.

आता ही बाग कशी घडली, ते थोडक्यात सांगते. जागा यंत्राने सपाट करण्यापूर्वी तेथे आपोआप उगवलेले काय काय आहे याची नोंद घ्यावी, असे आमच्या विज्ञान शिक्षिकांनी सुचविले. त्यांनी आठवीच्या मुलांना घेऊन, मोबाइलमधील ॲपच्या साहाय्याने नऊ वनस्पती ओळखल्या. आमच्या शाळेत गेली अनेक वर्षे सेवा करणाऱ्या एक मावशी तेथे झाडत होत्या. त्या गोंड समाजाच्या. त्या थांबल्या आणि काठीने एकेक रोप दाखवीत चालू लागल्या. हा चरोटा, हा चिरचिटा, हा भेंगरा, हा भुईनीम. आपल्या भाषेत सांगायचे तर टाकळा, आघाडा, माका आणि काडेचिराईत. त्या दिवशी मावशींनी एकोणीस वनस्पतींची नावे सांगितली. कोणती कोवळी असताना भाजी करून खायची, कोणती गुरांना द्यायची, कोणतीला हात लावायचा नाही, हेही सांगितले. कोकणात टाकळ्याची भाजी पावसाळ्याच्या आरंभी होते, आणि छत्तीसगढात चरोट्याची भाजीही त्याच दिवसांत होते, हे ऐकून आमच्या रत्नागिरीकडच्या शिक्षिकांना कोण आनंद झाला!

त्या मावशींची नात आपल्या शाळेत सातवीत शिकते. घरी छत्तीसगढी, आजीशी थोडी गोंडी आणि शाळेत मराठी, अशा तीन भाषा ती सहज बोलते. तिला यांतली निम्मी नावे आधीपासून ठाऊक होती. आजवर ती कधी बोलली नव्हती, कारण शाळेत हे विचारले जाईल असे तिला वाटलेच नव्हते. जंगलातले ठाऊक असणे ही वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे, असे तिला कोणाच्याही वागण्यातून कळले नव्हते. बागेच्या नोंदवहीचे पहिले पान त्या मुलीच्या अक्षरात आहे. बागेतली सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे मला कोणी विचारले, तर मी त्या पानाकडे बोट दाखवीन.

बंधुभगिनींनो, ज्ञानाखाली नाव लिहिण्याचा आग्रह मी का धरते, याला इतिहासाचा आधार आहे.

सतराव्या शतकात कोचीच्या डच गव्हर्नराने, हेन्ड्रिक व्हॅन र्‍हीड याने, मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्टस मलाबारिकस' या नावाने तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती त्यात आहे. त्या माहितीचा मुख्य स्रोत होते इट्टी अच्युदन नावाचे एळवा समाजातील वैद्य. त्यांच्या जोडीला तीन कोकणी वैद्य होते: रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांचे नागरी लिपीतील, कोकणी भाषेतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. म्हणजे गोव्याकडून दक्षिणेस गेलेल्या आपल्या शेजारभाषेतील माणसांची अक्षरे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापली गेली, ती वनौषधींच्या ग्रंथात! त्या काळी एका परकीय सत्ताधीशाला माहिती देणाऱ्यांची नावे छापावीशी वाटली. परंतु त्याच ग्रंथासाठी जंगलात जाऊन, झाडांवर चढून ज्यांनी फांद्या, फुले, फळे आणली, त्या शेकडो माणसांची नावे कोठेही नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या पिढीने पाहिलेले आहे. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणधर्मावर पेटंट देण्यात आले. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्यास आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. माशेलकर सर मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. हा लढा जिंकता आला, कारण हळदीविषयी जुन्या ग्रंथांत आणि शोधनिबंधांत लिहिलेले पुरावे होते. कागद दाखविता आला. पुढे असे लिखित ज्ञान एकत्र करून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रहही उभा राहिला.

पण ज्यांचे ज्ञान कधी कागदावर उतरलेच नाही, त्यांनी काय दाखवावे? आमच्या मावशींच्या आजीचे ज्ञान कोणत्या ग्रंथात आहे?

या प्रश्नाचे एक उत्तर केरळच्या अगस्त्यमलाई परिसरात शोधले गेले. 1987 मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञ तेथील डोंगरांत हिंडत होते. सोबतीला कानी आदिवासी समाजाचे वाटाडे होते. शास्त्रज्ञ दमून जात आणि वाटाडे मात्र एका लहानशा वनस्पतीची फळे खात ताजेतवाने चालत राहत. ती वनस्पती कोणती, हे सांगायला वाटाडे आधी तयार नव्हते. ते समाजाचे गुपित होते. अखेर त्यांनी सांगितले. ती 'आरोग्यपच्चा'. तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यापासून आणि आणखी तीन वनस्पतींपासून 'जीवनी' नावाचे औषध तयार केले, एका औषध कंपनीला ते बनविण्याचा परवाना दिला, आणि मिळालेल्या रकमेचा अर्धा वाटा कानी समाजाला द्यायचे ठरविले. त्यासाठी 1997 मध्ये कानी समाजाचा विश्वस्त निधी स्थापन झाला. लाभाच्या वाटणीचे हे उदाहरण पुढे जगभर अभ्यासले गेले.

ही कथा येथवर सुखाची आहे, पण ती येथे संपत नाही. कानी समाजातील काही जुन्या वैद्यांना हे रुचले नाही. गुपित सांगण्याचा अधिकार त्या तरुण वाटाड्यांना कोणी दिला, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे जंगलातून पाने गोळा करण्यावर निर्बंध आले आणि उत्पन्नालाही मर्यादा पडल्या. मला या कथेतून दोन बोध मिळतात. ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याला त्याचे श्रेय आणि वाटा मिळाला पाहिजे, हा पहिला. आणि ज्ञान देणाऱ्याला 'एवढेच सांगेन, यापुढे नाही' असे म्हणण्याचा अधिकार आहे, हा दुसरा.

छत्तीसगढानेही असाच एक प्रसंग पाहिला आहे. भाताचे थोर संशोधक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी या प्रदेशातील शेतकऱ्यांकडून भाताचे एकोणीस हजारांहून अधिक नमुने गोळा केले. त्यांत सुवासिक भात होते, पाण्यात तग धरणारे होते, आणि ज्यांना लोक औषधी मानतात असेही होते. सांधेदुखीवर गठुवन, गर्भवतीसाठी लायचा, असे येथील खेड्यांत आजही सांगतात. 2002 मध्ये एका परदेशी बियाणे कंपनीशी या संग्रहाबाबत करार होऊ घातला, तेव्हा शेतकरी आणि नागरिक रस्त्यावर उतरले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. बी एका संस्थेच्या कपाटात असले, तरी ते ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले त्या हातांचे आहे, ही जाणीव या मातीत आहे. त्याच वर्षी आपल्या देशात जैवविविधता कायदा संमत झाला. गावोगावी लोकांनी आपल्या जैवविविधतेची नोंदवही करावी, अशी तरतूद त्यात आहे. पुण्याचे ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या संकल्पनेला आकार दिला. आपल्या बागेची नोंदवही हे त्या मोठ्या कामाचे अगदी लहान, शालेय रूप आहे.

या सर्व विचारातून बागेचे काही नियम ठरले. ते ठरविताना जवळच्या एका गावातील एक वयोवृद्ध गोंड वैद्य तीनदा शाळेत येऊन गेले. त्यांनी रोपे दिली, ती कोठे लावावी हे दाखविले, आणि तीन अटी घातल्या. पहिली अट, मुळी काढायची झाल्यास आधी झाडाला विनंती करायची. दुसरी, सगळी मुळी न काढता एक भाग खड्ड्यात परत पुरायचा. तिसरी, त्यांनी दाखविलेल्या चार वनस्पतींचे नाव लिहायचे, उपयोग लिहायचा नाही. आम्ही तिन्ही अटी मान्य केल्या. म्हणून बागेतल्या चार पाट्यांवर उपयोगाची जागा कोरी दिसेल. ती राहून गेलेली नाही. एका माणसाने आपल्यावर विश्वास ठेवून जेवढे सांगितले, तेवढेच आम्ही लिहिले आहे.

खरे तर इतर पाट्यांवरही आजाराचे नाव आणि औषधाचे प्रमाण आपल्याला आढळणार नाही. काही पालकांनी त्याबद्दल विचारणा केली. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, ही बाग आहे, दवाखाना नाही. एकाच नावाच्या दोन वनस्पती असतात. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून कोणी मंडूकपर्णी देते, तर कोणी जलब्राह्मी. महामारीच्या काळात अनेकांनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेतली. त्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ नये, असे आयुष मंत्रालयाला सांगावे लागले. याच कारणासाठी पाटीवर शास्त्रीय नावही हवे. बागेत बचनाग नाही. गुंजेचा वेल कुंपणाच्या पलीकडे ठेवला आहे, कारण तिच्या लालचुटुक बिया लहान मुलांना मोहात पाडतात आणि त्या विषारी असतात. औषध वैद्याने किंवा डॉक्टरांनी द्यावे. आपण येथे ओळख करून घ्यावी.

बागेच्या मध्यभागी सर्पगंधा आहे. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा निबंध ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या झुडपाकडे वळले. पुढे तिच्या मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. कीर्ती झाली तशी मुळीची मागणी वाढली, आणि ज्या जंगलांत ती सहज दिसे तेथून ती दिसेनाशी होऊ लागली. मुळीसाठी संपूर्ण झुडूपच खणावे लागते, त्यामुळे असे घडणे अटळ होते. वनस्पतीचे गुण गाणे आणि वनस्पती राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना त्या झुडपाशेजारी उभे राहून समजावून सांगता येते.

एक-दोन आक्षेपांविषयी बोलले पाहिजे, कारण ते आक्षेप घेणाऱ्यांचे शाळेवर प्रेम आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "आपली शाळा मराठी माध्यमाची. येथे मराठीच टिकविण्याची धडपड चालू असताना गोंडी आणि हलबीचा भार कशाला?" त्यांच्या चिंतेत तथ्य आहे. आपल्या वर्गांतील पटसंख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे आपण सारे जाणतो. पण महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे भाषा सांभाळणाऱ्या संस्थेला लहान भाषेचे दुःख इतरांपेक्षा अधिक समजायला हवे. मुलांनी घरी मराठी बोलायचे सोडले की आधी कोणते शब्द जातात? भाज्यांचे, फुलांचे, भांड्यांचे, नात्यांचे. गोंडी बोलणाऱ्या घरांतही तसेच घडते. भुईनीम हा शब्द विसरला की ते रोप 'गवत' होते, आणि गवत उपटून टाकायला कोणाला वाईट वाटत नाही. शिवाय हलबी आपल्याला परकी नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात स्थान होते. आज अभ्यासक तिला ओडिया, छत्तीसगढी आणि मराठी यांच्या सीमेवरची भाषा मानतात. पाटीवर मराठीच्या खाली हलबी नाव आले, तर दूरच्या नातलगाशेजारी बसल्यासारखेच आहे.

दुसरा प्रश्न एका पालकांचा होता. "याचे गुण मिळणार आहेत का?" परीक्षेत मिळणार नाहीत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेला आणि स्थानिक ज्ञानाला स्थान आहे, असे उत्तर मी देऊ शकले असते. मी त्या पालकांना बागेत नेले. त्यांचा मुलगा तेथे आघाड्याच्या तुऱ्यावरचे काटेरी बी कपड्यांना का चिकटते, हे पाचवीच्या मुलांना समजावून सांगत होता. पालक बराच वेळ ऐकत उभे राहिले. पुन्हा त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

आता आपणांकडून माझ्या काही अपेक्षा आहेत. त्या पैशाच्या नाहीत. पैसा आपण आधीच दिला आहे.

घरी परतल्यावर आई, मावशी, आजी, जे कोणी वडीलधारे असतील, त्यांना झाडांची नावे विचारा. आपण विदर्भातले असाल, कोकणातले असाल, खानदेशातले असाल. एकाच वनस्पतीची निरनिराळी नावे निघतील. ती आम्हांला लिहून पाठवा. आपल्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी जंगलाच्या कडेच्या गावांतून येतात. त्यांना एकदा आपुलकीने विचारा, ऐका, आणि त्यांनी होकार दिला तरच लिहा. नाव कोणाचे आहे तेही लिहा. आणि महिन्यातून एखादा रविवार, दोन तास, या बागेला द्या. शनिवार-रविवारी सकाळी बाग सर्वांना खुली राहील. पाणी घालायला, पाचोळा उचलायला, रोपे भरायला हात हवे आहेत. येथे येण्यासाठी कोणी आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी असण्याची अट नाही. ज्यांनी ही झाडे आपल्याला ओळखायला शिकविले, त्यांच्यापैकी बहुतेकांना शाळेच्या फाटकातून आत यायची संधी कधी मिळालीच नव्हती.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने नोंदवहीत सही करावी, अशी विनंती आहे. पहिले पान भरलेले आहे. आपली सही दुसऱ्या पानापासून. आज येथे आलेल्या मावशींनी आणि वैद्यबाबांनी त्यात अंगठा उठविला आहे, आणि त्यांच्या अंगठ्याशेजारी मुलीने त्यांची पूर्ण नावे सुवाच्य अक्षरांत लिहिली आहेत.



जय हिंद! जय महाराष्ट्र! जय छत्तीसगढ! आणि येथील रीतीप्रमाणे, सर्वांना जोहार!